जोर संपला, गुरुजी!
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत विज्ञानातील एखादा पाठ घेऊन त्याच्या अध्यापनाची चर्चा करावी असे ठरले, तेव्हा मी गती आणि जडत्व हा विषय मुद्दाम मागून घेतला. हा पाठ आपल्याकडे फार सोपा समजला जातो. पेल्यावर पोस्टकार्ड, पोस्टकार्डावर नाणे, कार्डास टिचकी, नाणे पेल्यात. मुले टाळ्या पिटतात, व्याख्या फळ्यावर लिहिली जाते आणि तासिका संपण्यापूर्वीच पाठ संपतो. परीक्षेतही या प्रश्नाचे गुण बहुधा जात नाहीत. आणि तरीही माझे निरीक्षण असे आहे की, ज्या थोड्या गोष्टी मुले अचूक पाठ करून मनात त्याच्या नेमक्या उलट धरून बसतात, त्यांत या पाठाचा क्रमांक वरचा आहे.

एका शाळेत सातवीच्या वर्गात बसलो असता एका मुलीने पहिला नियम एक अक्षरही न चुकता म्हणून दाखविला. बाहेरून असंतुलित बल लागू झाले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने सरळ जात राहते. उच्चार स्वच्छ, आत्मविश्वास पुरता. मी तिला शाबासकी दिली, पुढच्या बाकावरील मुलाच्या खिशातून एक गोटी मागून घेतली आणि फरशीवर सोडली. गोटी पाच-सहा हात गेली व थांबली. का थांबली, असे विचारताच सारा वर्ग एका आवाजात म्हणाला, "जोर संपला, गुरुजी!" नियम म्हणणारी मुलगीही त्याच आवाजात होती.

तिने नियम पाठ केला, त्यात वावगे काही नाही. आणि ती खोटेही बोलली नाही. तिच्या मनात दोन कोठ्या आहेत. एका कोठीत परीक्षेचे ज्ञान, दुसरीत रोजच्या अनुभवाचे. मधला दरवाजा कोणी उघडलेलाच नाही. आपल्या पाठाचे काम तो दरवाजा उघडण्याचे आहे, पहिल्या कोठीत आणखी एक व्याख्या भरण्याचे नव्हे.

यासाठी प्रथम त्या 'जोर संपला' या उत्तराचा थोडा आदर करावयास हवा. ते मूर्खपणाचे उत्तर नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये होऊन गेलेल्या ॲरिस्टॉटलचे मत असेच होते की, चालत्या वस्तूस कोणीतरी चालवीत असले पाहिजे. चालविणारा थांबला की वस्तू थांबते. मग हातातून सुटलेला दगड पुढे कसा जातो, हा प्रश्न त्याला अडलाच, आणि भोवतालची हवा त्यास पुढे नेते अशी त्याने सोडवणूक केली. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदान नावाच्या पंडिताने ही हवेची युक्ती नाकारली व सांगितले की, फेकणारा हात वस्तूत एक प्रकारची प्रेरणा भरतो आणि ती प्रेरणा वस्तूस नेते. आपल्या वैशेषिक दर्शनातही बाणाचा विचार आहे. धनुष्याच्या दोरीच्या धक्क्याने बाणाची पहिली गती, त्या गतीने उत्पन्न झालेल्या संस्काराने पुढची, त्याने त्यापुढची. आणि तो संस्कार नाहीसा झाला की जडपणामुळे बाण खाली पडतो, अशी ती मांडणी आहे. आता विचार करा, हा 'संस्कार', ती 'प्रेरणा' आणि आपल्या मुलांचा 'जोर' यांत कितीसे अंतर आहे? गोटी पाहून उत्तर देणारे ते मूल नकळत मोठमोठ्या विचारवंतांच्या पंगतीस बसलेले असते.

येथे थोडे विषयांतर करतो. वैशेषिक सूत्रांत न्यूटनचे नियम जसेच्या तसे आहेत, असे संदेश अलीकडे भ्रमणध्वनीवरून फिरतात, आणि काही शाळांच्या भिंतींवरही ते रंगविलेले मी पाहिले आहेत. बाणाची गती कशी टिकते असा प्रश्न त्या काळी विचारणे ही मोठीच बुद्धिमत्ता होय. परंतु त्यांचे उत्तर वेगळे होते. गती टिकण्यास वस्तूच्या ठिकाणी काही कारण असले पाहिजे, असे त्यांनी मानले. सारख्या सरळ गतीला टिकण्यासाठी कारणच लागत नाही, कारण लागते ते गती बदलण्यास, हे पुढे सतराव्या शतकात युरोपात उमगले. कणादाच्या तोंडी न्यूटन घातल्याने कणादाचा गौरव होत नाही आणि मुलांचा गोंधळ मात्र वाढतो. असो.

तर 'जोर संपला' हे उत्तर आले की ते पुसू नये. फळ्याच्या डाव्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. वर्गातील आणखी कोणाचे निराळे मत असल्यास तेही खाली लिहावे. आणि मग मुलांसच विचारावे की, जोर आपोआप संपतो की कोणी संपवितो? एवढा एक प्रश्न नीट विचारला तर अर्धा पाठ झाला असे समजा.

पुढचा प्रयोग बिनखर्चाचा आहे. शेतात वापरतात तो प्लास्टिकचा पाइप हातभर लांबीचा घेऊन उभा चिरला की दोन पन्हळी मिळतात. एका पन्हळीचे टोक तीन पुस्तकांवर टेकवा, दुसरे जमिनीवर. वरून गोटी सोडा. हाताने ढकलू नका. म्हणजे प्रत्येक वेळी गोटी खाली येईल ती जवळजवळ सारख्याच वेगाने. आता पन्हळीच्या पुढे एकदा वाळू पसरा, एकदा गोणपाट अंथरा, एकदा नुसती फरशी राहू द्या. गोटी सोडण्यापूर्वी मुलांकडून अंदाज घ्या व ते फळ्यावर नोंदवा. नंतर टेपने अंतर मोजा. वाळूत ती वीतभर जाऊन रुतते, गोणपाटावर काही हात जाते, फरशीवर पार भिंतीपर्यंत पोहोचते. उंची तीच, गोटी तीच, म्हणजे मुलांच्या भाषेत जोरही तोच. मग अंतर निराळे का? या ठिकाणी एखादा मुलगा हटकून म्हणतो, "वाळू अडवते." हा शब्द मुलाच्या तोंडून यावयास हवा. आपण 'घर्षण' हा शब्द त्यानंतर द्यावा. आधी दिला तर ते आणखी एक पाठ करावयाचे नाव होऊन बसते.

कॅरमचा फळा शाळेत असेल तर फारच उत्तम. पावडर न टाकता सोंगटीस टिचकी मारा. नंतर पावडर टाकून तशीच मारा. पावडरीने सोंगटीस पुढे ढकलले काय? नाही, तिने फक्त अडवणूक कमी केली. मुलांना हे अनुभवाने ठाऊकच असते, त्यांनी त्याचा विचार केलेला नसतो इतकेच.

आता दुसरी पन्हळ पहिलीच्या समोर, तोंडास तोंड लावून, उलट चढाची ठेवा. एका बाजूने सोडलेली गोटी दुसऱ्या बाजूस जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढते. दुसरी पन्हळ थोडी खाली करा. गोटी तीच उंची गाठू पाहते, पण त्यासाठी तिला अधिक लांब जावे लागते. आणखी खाली करा, आणखी लांब. मग थांबा, आणि वर्गास विचारा की, दुसरी पन्हळ अगदी आडवी केली, ती पुष्कळ लांब असली आणि अडविणारे काहीच नसले, तर गोटी कोठे थांबेल? वर्गात क्षणभर शांतता होते. ही शांतता मोलाची आहे. आपण लगेच उत्तर सांगून ती मोडू नये. इटलीतील गॅलिलिओने उतरत्या फळ्यांवर गोळे सोडून याच मार्गाने विचार केला. त्याचा गतीविषयीचा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला; तेव्हा तो वृद्ध, नजरकैदेत आणि दृष्टी गेलेला होता. सरळ रेषेत जात राहण्याची गोष्ट फ्रान्सच्या देकार्तने १६४४ मध्ये स्पष्ट केली आणि न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात तिला पहिल्या नियमाचे स्थान दिले. वरच्या वर्गास ही नावे सांगण्यास हरकत नाही; परंतु नावांसाठी पन्हळ बाजूस सारू नये.

अडविणारे काही नाही अशी जागा कोठे आहे, असे मुले विचारतात. पृथ्वीवर ती मिळणे कठीण, म्हणून तर मनुष्यजातीस हा नियम कळावयास इतका वेळ लागला. अवकाशात मात्र ती जवळजवळ मिळते. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतून सोडण्यात आले. आज ते सर्व ग्रहांच्या पलीकडे सेकंदास सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. त्यास पुढे ढकलणारे कोणतेही इंजिन चालू नाही. त्याच्या अंगावरील लहान झोतनळ्या वापरतात त्या त्याचे तोंड पृथ्वीकडे राहावे यासाठी. तेव्हा 'जोर संपला' म्हणणाऱ्या मुलास विचारावे, या यानाचा जोर अजून कसा संपला नाही?

एखादे चलाख मूल याउपरही म्हणेल, "गुरुजी, जोर आहेच, घर्षण तो खाते, आणि तिकडे खाणारे कोणी नाही." हे उत्तर चांगले आहे, त्यास हसू नये. येथे पाठाचा दुसरा टप्पा सुरू होतो. या मुलास एसटीत बसवा, म्हणजे मनाने. गाडी सरळ, गुळगुळीत रस्त्यावर एकाच वेगाने धावत आहे. आत बसून नाणे वर उडविले तर ते कोठे पडेल? पुष्कळ मुले म्हणतील, मागच्या बाकावर. कारण नाणे हवेत असताना गाडी पुढे निघून जाते. प्रत्यक्षात ते हातातच पडते. ज्यांनी करून पाहिले नसेल त्यांना येत्या सहलीत करावयास सांगा. फ्रान्समधील गासेंदी नावाच्या विद्वानाने १६४० साली मार्सेय बंदरात चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून गोळे खाली सोडून दाखविले. ते मागे न राहता डोलकाठीच्या पायथ्याशीच पडले. जहाज चालत आहे की उभे, हे त्या गोळ्यावरून ओळखता येईना. आता त्या चलाख मुलास विचारावे, गाडीत तुझ्या मांडीवर ठेवलेल्या दप्तरात जोर भरलेला आहे काय? रस्त्यावरचा माणूस म्हणेल, दप्तर वेगाने धावत आहे. तू म्हणशील, ते स्वस्थ पडले आहे. ज्याचे असणे-नसणे पाहणाऱ्यावर ठरते, ती वस्तूत भरून ठेवलेली चीज कशी असेल? सरळ, सारखी गती ही स्थिर असण्यासारखीच एक अवस्था आहे. ती चालू ठेवण्यास काही लागत नाही. हे वाक्य दुसऱ्या टप्प्याचे सार आहे. पाचवीच्या वर्गात येथवर जाण्याची गरज नाही. सातवी-आठवीत मात्र जावे.

या प्रश्नाशी आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीय' या ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगताना नावेचा दाखला दिला आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तद्वत फिरत्या पृथ्वीवरून आपणांस स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. यावर सहाव्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिके'त आक्षेप घेतला की, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परत कसे येतील? आक्षेप बिनतोड वाटतो. गणित करून पाहा. महाराष्ट्राच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदास सुमारे ४४० मीटर वेगाने जात असते. मैदानावर उडी मारणारा मुलगा अर्धा सेकंद हवेत राहतो. तेवढ्यात जमीन २२० मीटर पुढे गेली पाहिजे आणि मुलगा शाळेचे कुंपण ओलांडून पश्चिमेस कोणाच्या तरी शेतात पडावयास हवा! तो पडत नाही, याचे कारण उडी मारण्यापूर्वीच तो जमिनीबरोबर त्याच वेगाने चालला होता, आणि पाय उचलल्याने तो वेग कोठे जात नाही. फांदीवरच्या पक्ष्याचे आणि भोवतालच्या हवेचेही तेच. वराहमिहिराच्या आक्षेपाला पुरते उत्तर मिळावयास जडत्वाची कल्पना यावी लागली. आर्यभटाचा दाखला आणि वराहमिहिराची शंका ही दोन्ही वर्गात सांगावी, आणि पक्ष्याचा प्रश्न मुलांस एक रात्र घरी नेऊ द्यावा. उत्तर दुसऱ्या दिवशी.

'जडत्व' या शब्दाविषयीही बोलले पाहिजे, कारण तो मुलांस फसवितो. बोलीत जड म्हणजे वजनदार. त्यामुळे दगडाला जडत्व असते, पिसाला नसते, असे मुले समजतात. आणि जडत्व म्हणजे जमिनीस चिकटून बसणे असेही समजतात. या शब्दातील 'जड' हा जड आणि चेतन या जोडीतला आहे. ज्यास स्वतःची इच्छा नाही, जे आपण होऊन आपली अवस्था बदलीत नाही, ते जड. अशा अर्थाने पीसही जड आहे. पिसाचे वस्तुमान कमी म्हणून त्याचे जडत्व कमी, इतकेच.

वजन आणि जडत्व यांतील भेद दाखविण्यास तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घ्या. एकात वाळू भरा. दोन्ही सारख्या दोरांनी आवारातील झाडाच्या मजबूत फांदीस टांगा. आता दोघांचेही वजन फांदीने पेलले आहे, जमिनीशी घर्षण नाही. मुलांस एका बोटाने दोन्ही डबे ढकलावयास सांगा. रिकामा डबा चटकन हलतो, भरलेला हळूहळू हलू लागतो. मग दोन्हींस सारखेच झोके देऊन तळहाताने थांबवावयास सांगा. भरलेला डबा थांबावयासही तितकाच हट्टी. हलविताना व थांबविताना हातास जो हट्ट जाणवतो त्याचे नाव जडत्व, हे मूल मग विसरत नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये आपले शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहून आले, ती दृश्ये मुलांनी पाहिली आहेत. तेथे माणसे व पेट्या तरंगतात, वजन जाणवत नाही. तरी भरलेली पेटी हलविण्यास व थांबविण्यास रिकामीपेक्षा अधिक प्रयत्न पडतोच. डब्याच्या प्रयोगानंतर हे सांगितले म्हणजे पटते. (डबा झोके घेत असताना समोर कोणी उभे राहणार नाही याची काळजी शिक्षकाने जातीने घ्यावी.)

विराम अवस्थेचे, गतीचे आणि दिशेचे असे जडत्वाचे तीन प्रकार शिकविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रश्नपत्रिकेस ती सोयीची आहे. माझे मत विचाराल तर मुलांस अखेरीस स्पष्ट सांगावे की हे प्रकार नव्हेत, एकाच गोष्टीस पाहण्याच्या तीन खिडक्या आहेत. दिशेची खिडकी बांगडीने उघडते. फरशीवर मोठी बांगडी ठेवून आत गोटी घाला व बांगडी फिरवा. गोटी कडेकडेने गोल धावू लागेल. आता बांगडी अलगद वर उचलली तर गोटी कोणत्या वाटेने जाईल, ते मुलांस पाटीवर काढून दाखवावयास सांगा. निम्म्याहून अधिक मुले वळणारी वाट काढतात. जणू गोटीस गोल फिरण्याची सवय लागली आहे. बांगडी उचलताच गोटी सरळ निघून जाते. ज्या मुलांनी ज्वारीच्या शेतात गोफण फिरविली आहे किंवा आजोबांस फिरविताना पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. गोफणीची एक दोरी सुटली की दगड सरळ जातो. ती नेमकी केव्हा सोडावयाची हे राखणदाराच्या हातास कळते, ते याच नियमाच्या आधारे.

गावात या पाठाची उदाहरणे विपुल आहेत. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला म्हणजे शेतकरी दांड्याचे टोक दगडावर आपटतो. दांडा थांबतो, लोखंडी पाते खाली येत राहते व घट्ट बसते. कुंभाराचे चाक काठीने फिरवून सोडले की घट घडेपर्यंत फिरत राहते. गोधडी झटकणे, चिंचेची फांदी हलविणे ही तर पुस्तकांतही असतात. मात्र प्रत्येक दिसणारी गोष्ट या पोत्यात भरू नये. उफणताना भुसा दूर पडतो व दाणे जवळ, याचे कारण प्रामुख्याने वारा आहे. भरलेली बैलगाडी निघताना बैलांस अधिक जोर लावावा लागतो, त्यात जडत्वाबरोबर घर्षणाचाही मोठा वाटा आहे. अशी मिश्र उदाहरणे पहिल्या दिवशी टाळावीत.

नाण्याच्या प्रयोगाविषयी एकच सूचना. कार्डास टिचकी मारल्यावर तेच कार्ड हळूहळू ओढूनही दाखवावे. नाणे कार्डाबरोबर जाते! म्हणजे नाणे हट्टाने जागीच बसते असे नाही. हळू ओढल्यास कार्डाचे घर्षण त्यास बरोबर नेते, झटका दिल्यास तेवढा वेळच मिळत नाही. हीच गोष्ट दोऱ्याने दिसते. दोऱ्यास दगड टांगा, दगडाखाली त्याच दोऱ्याचा दुसरा तुकडा बांधा. खालचा दोरा हळू ओढला तर वरचा तुटतो, कारण त्यावर ओढही आहे आणि दगडाचे वजनही. हिसका दिला तर खालचा तुटतो. दगड हलून वरच्या दोऱ्यास ताण पोहोचेपर्यंत काम आटोपलेले असते. दगडाखाली गोणपाटाची घडी ठेवावी आणि पाय दूर ठेवावेत.

आता भाषेचा एक मुद्दा. गाडी एकदम सुरू झाली की "आपण मागे ढकलले जातो" आणि ब्रेक लागला की "पुढे फेकले जातो" असे आपण सर्व म्हणतो. वर्गात मात्र येथे थबकावे. कोणी ढकलले? मागे-पुढे तर कोणीच नव्हते. वहीवर खडू उभा करून वही झटकन पुढे ओढा आणि मुलांस फळ्यावरील एखाद्या रेघेच्या संदर्भात बाजूने पाहावयास सांगा. खडूचा तळ वहीबरोबर पुढे गेला, वरचे टोक होते तेथेच राहिले, म्हणून तो आडवा झाला. ब्रेक लागला तेव्हाही गाडी थांबली, आपण थांबलो नाही. 'फेकले गेलो' ऐवजी 'थांबलो नाही' हा शब्दप्रयोग मुलांच्या तोंडी बसला, तर पुढचे सारे सोपे होते.

आणि ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला ते आता सांगतो. ऊस भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली गावातून निघाली की मुले मागे धावतात, लोंबकळून ऊस ओढतात, आणि ट्रॅक्टरचा वेग वाढला की उडी टाकतात. उडी टाकली म्हणजे आपण थांबलो, असे त्यांना वाटते. म्हणजेच 'जोर' ट्रॉलीत होता, आपल्यात नव्हता! ट्रॉली ताशी १८ किलोमीटर जात असेल तर तिच्यावरचे मूल सेकंदास ५ मीटर जात असते. पाय जमिनीस लागून थांबतात. छाती व डोके ५ मीटरच्याच वेगाने पुढे जात राहते. आणि मागून दुसरी ट्रॉली येत असेल तर काय होईल, ते मी येथे बोलत नाही.

वरच्या वर्गाकडून एक लहानसे गणित करून घ्यावे. तो वेग किती उंचीवरून पडल्यावर येईल? ताशी १८ किलोमीटरला सुमारे सव्वा मीटर. ताशी ३६ किलोमीटरला, म्हणजे सावकाश चाललेल्या दुचाकीला, सुमारे ५ मीटर. शाळेच्या छपराहूनही उंच. ताशी ७२ किलोमीटरला सुमारे २० मीटर, विहिरीच्या काठावरून तळ दिसतो त्याहूनही खोल. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते. हे आकडे फळ्यावर मांडून, दुचाकीवर पुढे टाकीवर बसून शाळेत येणाऱ्या लहान भावंडांचा विषय काढावा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दुचाकीवरील ४ वर्षांवरील मुलांनाही शिरस्त्राण बंधनकारक आहे. शिरस्त्राण आणि मोटारीतील पट्टा यांचे काम लांब उडीच्या खड्ड्यातील वाळूसारखेच. थांबणे टाळता येत नाही, ते थोड्या अधिक वेळात व अंतरात घडवून आणावयाचे. आपल्यापैकी काहींची शिरस्त्राणे आज बाहेर गाड्यांच्या आरशांना अडकविलेली मी पाहिली. येताना ती तेथेच होती की डोक्यावर, हे मी विचारीत नाही. मुले मात्र विचारतील, आणि त्यांनी विचारावे.

वेळापत्रकाविषयी शेवटचे. गतीचा पाठ कोणत्या महिन्यात घ्यावा हे नियोजनात दिलेले असते, परंतु साखर कारखान्यांचे गळीत साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होते. ऊसपट्ट्यातील शाळांनी पन्हळीचा आणि डब्यांचा प्रयोग दिवाळीच्या सुटीपूर्वीच करून घ्यावा, मग धड्याचा क्रम मागेपुढे झाला तरी चालेल. तशी नोंद पाठटाचणात करून ठेवावी. भेटीच्या वेळी मी प्रथम पन्हळ पाहावयास मागेन, आणि मुलांना गोटीचाच प्रश्न विचारीन.